वचनाचा दहावा शब्द

बाबांच्या पहिल्या वर्षीला, म्हणजे पुण्यतिथीला, त्यांच्या नावाने कदीश म्हटला जाईल की नाही, या काळजीत मी आठवडा काढला होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. वसईत आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. कदीश ही गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, आणि आपले दहा पुरुष जमल्याशिवाय ती म्हणत नाहीत. म्हणायला मुलगा लागतो, आणि बाबांना मी एकटीच. हिब्रू त्यांनीच मला शिकवलं होतं आणि शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं, "माझा कदीश तू म्हण." दफनाच्या दिवशी मात्र चुलतभावाने तो चिठ्ठीवरून अडखळत म्हटला. बायकांमध्ये मागे उभी राहून मी त्याच्या चुका ऐकत होते. पुढे वर्षभर प्रार्थनालयाच्या मंडळींना विनवलं. त्यांतले सर्वांत वडील सॅमसनकाका दर वेळी म्हणत, "बघू." बघू म्हणजे काय, हे बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

वर्षीच्या दुपारी मी आमचा संदेष्टा एलियाहू हनाबी याच्या नावाने मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, पाच फळं. ठाण्याहून, मुंबईहून मंडळी आली. नऊ जण झाले आणि चुलतभावाचा फोन आला, ताप भरलाय, येत नाही. सूर्य मावळला की वर्षीचा दिवस संपणार होता. केळी घेऊन आलेली ख्रिस्ती शेजारीण फ्लोरी माझा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "आमचे हे बसले तर चालेल का गं?" काकांनी ते ऐकलं आणि हसून म्हणाले, "बाय, माणूस आमच्यातला लागतो." मी तर त्यांच्यातलीच होते, त्यांच्यासमोर उभी होते. इतका राग आला की हातातलं ताट आदळावंसं वाटलं.

स्वयंपाकघरात गेले आणि रडले. भांडण्याचं बळच उरलं नव्हतं. मनात म्हटलं, देवा, मी म्हणायलाच हवं असा हट्ट आता सोडते. कुणाच्याही तोंडून का होईना, बाबांसाठी कदीश होऊ दे. पुढचं तुझं तू पाहा. वर्षभरात पहिल्यांदा मी असं काही मागितलं असेल.

बाहेर आले तेव्हा सगळे उभे होते. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. शास्त्रातलं दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेकावर एकेक शब्द ठेवतात. सॅमसनकाका हळूहळू बोट फिरवत होते. नववा शब्द त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला. मग बोट माझ्याकडे वळलं आणि दहावा शब्द माझ्यावर येऊन थांबला. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला वाटलं, काका चुकले. गप्प राहावं असा मोह झाला, पण खोट्यावर बाबांचा कदीश कसा उभा करू?

"काका, ही मी आहे," मी म्हणाले.

"हां. मंग वाच."

एक जण खाकरला, एकाने मान खाली घातली, पण जागचं कुणी हललं नाही. मी वाचलं. माझ्या प्रत्येक थांब्यावर नऊ पुरुषांचं "आमेन" आलं आणि मी बाबांची लेक म्हणून त्यांच्यामध्ये उभी होते. सुख म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

काकांना मी दिसले होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही. देणाऱ्याने दिलं, मी ओंजळ पुढे केली. वर्षभर मुठी आवळून बसले होते, तेव्हा घ्यायला हात मोकळा होताच कुठे?

निघताना काका दारात चपला चाचपडत होते. मी वाकून त्या त्यांच्या पायांपाशी सरकवल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"माझ्यामागंबी पोरीच हायेत, बाय," ते म्हणाले. "तिघी. त्यांना शिकवशील?"