राणी हरवली त्या रविवारचा माझा तपास

तोंडातला चहा आधी गिळा, मग सांगतो. कारण हसणार तर तुम्ही आहातच. आमच्या बनशंकरीच्या अख्ख्या गल्लीनं हसून घेतलंय, तुम्ही तरी कशाला मागं राहता!

तर मी मधमाश्या पाळतो. पोटापाण्यासाठी नाही हो, हौस. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली आणि घरी बसवेना. मुळात मला बसवतच नाही. जेवताना उठून पंखा कमी करतो, दोन घास झाले की उठून परत वाढवतो. आमची नलिनी, म्हणजे बायको, म्हणते, "ह्यांच्या खुर्चीवर पैसे वाया गेले. नुसतं टेकायला भिंत पुरली असती."

तिकडं देवनहळ्ळीला नंजप्पा म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत. आजूबाजूच्या सगळ्या शेतांचे प्लॉट पडले, ह्यांनी पेरूची बाग आणि माश्यांच्या पेट्या सोडल्या नाहीत. त्यांच्याकडं चार रविवार शिकलो आणि सातेरी माश्यांची एक पेटी आणून गच्चीवर ठेवली.

निघताना नंजप्पांनी कन्नड ढंगात बजावलं, "रायरे," म्हणजे रावसाहेब, "पेटी दहा दिवसांतून एकदाच उघडायची. स्वल्प धीर धरा. त्यांचा संसार आहे तो."

दहा दिवस! अहो, मी लिफ्टचं बटण पाच वेळा दाबणारा माणूस. पहिल्या आठवड्यातच मी पेटी नऊ वेळा उघडली. कधी राणी दिसते का बघायला, कधी अंडी दिसतात का बघायला, आणि एकदा तर झाकण नीट लावलंय का ते बघायला!

ह्या सगळ्यात माझा सोबती एकच. बोंडा. आमचा कुत्रा. रस्त्यावरून आणलेला, गोल, तपकिरी, तळलेल्या बटाटेवड्यासारखा, म्हणून बोंडा. मी गच्चीवर गेलो की हा मागं. मी खाली आलो की हा मागं. ह्या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच जीव.

त्या रविवारी सकाळी सात वाजता मी जॅकेट चढवलं. हे जॅकेट म्हणजे पांढरं, जाड, स्वेटरसारखं डोक्यावरून घालायचं. त्याला जाळीची टोपी शिवलेली असते. काम झालं की ती टोपी मागं पाठीवर टाकून द्यायची. पेटी उघडली. एकेक चौकट उचलून बघितली. पहिली, दुसरी, तिसरी… राणी नाही.

परत बघितलं. नाही.

तिसऱ्यांदा चौकटी उन्हाला धरून, डोळे बारीक करून बघितल्या. राणी नाहीच! आता तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, राणी गेली की मोहोळ संपलं. नवी अंडी नाहीत, नव्या माश्या नाहीत, महिन्या-दोन महिन्यांत सगळं शांत. टोपी पाठीवर फेकली आणि गच्चीवर येरझाऱ्या घालत नंजप्पांना फोन लावला.

"अण्णा, राणी मेली!"

"तुम्ही बघितलीत मेलेली?"

"नाही, पण दिसत नाही."

"मला माझा चष्मा पण दिसत नाही सकाळी. तो मेला का? पेटी बंद करा, खाली जा, कॉफी प्या."

हे काय उत्तर झालं? मी खाली गेलो, अर्धा कप कॉफी प्यालो, वर आलो, पेटी उघडली. खाली गेलो, वर आलो, उघडली. असं किती वेळा ते नलिनीला विचारा, ती मोजत होती. जॅकेट अंगातच, टोपी पाठीवरच. कोण दर वेळी काढ-घाल करणार!

चौथ्या का पाचव्या फेरीला बघतो तर बोंडा माझ्याजवळ येईना. मी हाक मारली तर दोन पावलं मागं. मी पाठ फिरवली तर गुरगुरायला लागला. माझ्यावर! माझ्या हातची पोळी खाणारा कुत्रा!

मी लगेच फोनवर शोधलं, 'कुत्रा मालकाला ओळखत नाही.' आलं की उत्तर. एक, मेंदूचा आजार. दोन, विषबाधा.

विषबाधा! आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. सकाळी शेजारच्या गच्चीवरून धूर येताना मी बघितला होता. पांढरा, दाट धूर. शेजारी कोण? शारदाक्का. निवृत्त हेडमिस्ट्रेस. आठच दिवसांपूर्वी त्या मला म्हणाल्या होत्या, "रायरे, तुमच्या माश्या माझ्या पांढऱ्या चादरींवर पिवळे ठिपके टाकून जातात. काहीतरी करा."

मी काही केलं नव्हतं. म्हणजे त्यांनीच केलं! कसलं तरी औषध जाळलं, राणी मेली, बोंड्याच्या मेंदूवर परिणाम झाला. सगळे धागे जुळले. तुम्हीच सांगा, कुठं फट आहे ह्यात?

रागानं माझे कान नुसते गुणगुणत होते. मला वाटलं, रक्तदाब.

जिना उतरलो. नलिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कुठं?"

"न्याय मागायला!" म्हटलं आणि बाहेर पडलो. बोंडा मागं होता, पण दहा हात अंतर राखून.

शारदाक्का दारातल्या पायरीवर बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर उभा राहिलो, कमरेवर हात.

"अक्का, आज सकाळी तुमच्या गच्चीवर धूर कसला होता?"

"बन्नी, या रायरे, बसा," म्हणत त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यामागं बघितलं. आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. हातातली शेंग हातातच राहिली.

पकडली! मी मनात म्हटलं. चोराच्या मनात चांदणं!

"गप्प का झालात? बोला ना!"

"रायरे," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "स्वल्प हळू बोला."

"हळू? का म्हणून? ऐकू दे गल्लीला!"

"हात खाली करा. हलवू नका."

"हात हलवू नका? म्हणजे माझी राणी मारायची, माझ्या कुत्र्याला वेड लावायचं आणि वर मलाच धमकी?"

समोरच्या घराची खिडकी उघडली, आणि लगेच धाडकन बंद झाली. कोपऱ्यावरचा फुलवाला माझ्याकडं बघून टोपली तशीच टाकून पळाला. मला वाटलं, वा! काय दरारा आहे आपल्या आवाजात! तीस वर्षं बँकेत उगीच हळू बोललो.

तेवढ्यात नलिनी फाटकात आली आणि किंचाळली, "अहो! पाठ! पाठ!"

"पाठ दाखवून पळणाऱ्यातला मी नव्हे!" मी गरजलो.

शारदाक्का उठल्या. सावकाश. शाळेत वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "रायरे, मान न हलवता उजवीकडं बघा. त्या गाडीच्या काचेत."

बघितलं.

काचेत मी होतो. आणि माझ्या पाठीवर, त्या मागं टाकलेल्या टोपीत, नारळाएवढा काळसर, हलता, गुणगुणणारा घोस लोंबत होता. माझं अख्खं मोहोळ! वरून अजून माश्या येतच होत्या, एकेक करून, ऑफिसला हजर व्हावं तशा.

राणी पेटीत सापडणार कशी? सकाळी पहिल्याच उघडझापीत ती माझ्या टोपीवर चढली आणि टोपी मागं टाकल्यावर तिच्यासकट पाठीवर गेली असणार. आणि राणी जिथं, तिथं प्रजा. दोन तास मी तिला पाठीवर घेऊन तिच्याच खुनाचा तपास करत फिरत होतो. बोंड्याच्या मेंदूला काही झालं नव्हतं. त्या घरात त्या दिवशी मेंदू तेवढा त्याचाच चालू होता.

नलिनीनं नंजप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते आधी तोंडावर पंचा धरून वाकले. खोकत होते, असं ते नंतर म्हणाले.

"जॅकेट काढू का, अण्णा?"

"अय्यो, बेडा! नको! डोक्यावरून ओढाल तर राणी चिरडेल. वर जा, पेटीच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसा. टोपीची कड दाराशी. राणी आपोआप चालत घरात जाईल, तिच्या मागून सगळ्या. पण रायरे, हलायचं नाही. बोलायचं नाही. तास तरी लागेल."

एक तास. न हलता. मी!

त्यापेक्षा चार डंख परवडले असते हो. शारदाक्का वरपर्यंत आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. नाकाला खाज सुटली म्हणून माझं बोट जरा उचललं गेलं, तर खेकसल्या, "सुम्मने कूत्कोळ्ळी!" गप्प बसा म्हणजे गप्प बसा. बोट जागच्या जागी. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. कुणी फोन धरून, कुणी कॉफी घेऊन.

"आणि धुराचं म्हणाल तर," शारदाक्का म्हणाल्या, "तीस वर्षं दर रविवारी मी गच्चीवर न्हाणीचा हंडा करवंट्या जाळून तापवते. तुम्हाला आज दिसला?"

बोलायला परवानगीच नव्हती. मी डोळ्यांनीच माफी मागितली. त्यांनी ती मान हलवून स्वीकारली, असं मला वाटतं. निदान त्या दिवसापासून चादरी दुसऱ्या दोरीवर वाळत घालतात, आणि मी धुवायचा साबण नेऊन देतो.

मग नलिनीनं काय केलं माहीत आहे? तिनं शांतपणे खुर्ची आणली, माझ्या समोर मांडली, आणि बसली.

"बरं झालं," म्हणाली. "आता मला स्वल्प बोलायचंय."

आणि ती बोलली. लग्नात तिच्या मामांना मी ओळखलं नाही तिथपासून सुरुवात. हम्पीच्या सहलीतून मी दुसऱ्याच दिवशी परत आणलं ते. स्वयंपाकघरातला नळ, तो मी गेली चार वर्षं 'आत्ता बघतो' म्हणतोय, तो. तिच्या आईच्या आजारपणात दवाखान्यात पाच मिनिटं टेकून पळालो ते. हे सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला, आणि मला उठून "हो गं, चुकलं" म्हणावंसं वाटलं. पण हलायची बंदी! फक्त ऐकलं. सगळं. शेवटपर्यंत.

साडेदहाला राणी आत गेली. अर्ध्या तासात पाठ मोकळी झाली. एक डंख नाही. नळ मी त्याच दुपारी दुरुस्त केला.

पुढचा रविवार. मी आपला सकाळपासून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय. नलिनी काहीतरी सांगत होती, मी "हं, हं" म्हणत पंखा कमी करायला उठलो. ती बोलायची थांबली. आत गेली. आणि फोनवर तिचा दबका आवाज ऐकू आला.

"नमस्कार नंजप्पाण्णा. नाही, माश्या छान आहेत. मला एवढंच विचारायचं होतं… राणीला मुद्दाम त्यांच्या पाठीवर बसवायचं असेल, तर कसं बसवतात?"