पडद्याखालून आलेल्या वायरी
ओल्या स्पंजचा आणि रबराचा वास आला की मी अजूनही भुसावळच्या त्या दवाखान्यात पालथी पडलेली असते. लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि केळीचे घड वाहून पाठ कायमची धरली होती. करंटच्या शेकानं दुखणं थांबतं असं कुणी सांगितलं, म्हणून सासरे मला रावेरहून घेऊन आले. नर्सबाईंनी ओले पॅड पाठीवर पट्ट्यांनी आवळून बांधले आणि त्या निघून गेल्या. माझी पाठ उघडी, म्हणून डॉक्टर आणि मशीन पडद्याबाहेर. वायरी तेवढ्या पडद्याखालून आत आलेल्या. बाहेर स्टुलावर सासरेही बसलेले. "मुंग्या आल्या की सांगा," डॉक्टर म्हणाले. मुंग्या आल्या, पण सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. घरी त्यांनी काही विचारलं की मी दाराआडून बांगड्या वाजवायचे, म्हणजे हाव, हो. नको म्हणायची खूण आमच्यात नव्हतीच. मुंग्यांच्या सुया झाल्या. "अजून वाढवू?" डॉक्टरांनी विचारलं. मी घाबरून खाटेच्या लोखंडावर बांगड्या आपटल्या. "हाव म्हनस ती," सासरे मायेनं म्हणाले, "वाढवा." मी उशी दातांत धरली आणि पुन्हा बांगड्या आपटल्या, आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. आता ते मशीन खिशात मावेल एवढं झालंय. मुलगा घरीच ते माझ्या पाठीला लावतो आणि बटणावर बोट ठेवून "वाढवू का?" विचारतो. मी "नको" म्हणते, चांगलं स्पष्ट म्हणते, पण त्याआधी दुसऱ्या हातानं बांगड्या घट्ट धरते.