मामाने नांदेडहून आणलेला नमुना

आमच्या मामासारखा संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका विश्वासाचाही. उदगीरच्या मोंढा बाजारात, एका डाळमिलीत, धान्याचा नमुना काढण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, तळातले चार दाणे काढून तळहातावर पसरायचे आणि गाडीभर माल कसा आहे ते सांगून मोकळं व्हायचं, हे त्याचं काम. काम सुटलं तरी खोड सुटली नाही. प्रसादाच्या ताटातला वरचा पेढा त्यानं जन्मात उचलला नाही. बोटं घालून तळातलाच काढणार, मग बाकीचे घरंगळून पुजाऱ्याच्या मांडीवर का जाईनात! लग्नात पंगतीला बसण्याआधी आचाऱ्याकडं जाऊन भाताच्या पातेल्याचा तळ बघून येणार. एकदा रक्त तपासायला नेलं, तर तिथल्या पोरीला म्हणतो, "एकाच हाताचं? ह्या हाताचंबी घ्या की माय. दोन्हीकडं सारखंच असंल कशावरून?" ती बिचारी हसावं की रडावं अशी बघत राहिली. माझं लग्न ठरताना तर तो मुलाच्या घरी गेलाच नाही, त्यांच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर दोन दिवस ठाण मांडून बसला. "घरची माणसं म्हंजी पोत्याचं तोंड. तिथं चांगलाच माल भरलेला असतोय," असं त्याचं म्हणणं.

तर असल्या माणसाच्या हाती मी माझ्या पोरीचे मूळ कागद दिले. अक्कल चरायला गेली होती माझी, दुसरं काय!

झालं असं, की भाग्यश्री बारावी झाली आणि डॉक्टरकीची परीक्षा देणार नाही म्हणाली. आम्ही चाकूरचे. लातूर तासाभरावर, आणि लातुरात जिकडं बघावं तिकडं डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. त्यात ही म्हणते, मला गणित करायचंय. शेजारणी हळूच विचारायला लागल्या, "मार्क कमी पडले का हो?" बरं, गणितात तरी एक वाट असावी! नुसतं गणित, उपयोजित गणित, संख्याशास्त्र, शिवाय हल्ली निघालेलं डेटा सायन्स. माझं तर डोकं गरगरायला लागलं. मामानं मात्र सगळी माहितीपत्रकं भाग्यश्रीकडून वाचून घेतली, डोळे मिटून ऐकली आणि निकाल दिला. "नुसतं गणित म्हंजी अख्खी तूर. उपयोजित म्हंजी तिची डाळ केली, आता शिजवा आन् खा. आन् संख्याशास्त्र म्हंजी माय, मी जन्मभर करत आलो तेच! चार दाण्यावरून गाडी सांगायची." डेटा सायन्सच्या एका कॉलेजात तो स्वतः जाऊन आला. "पॉलिश लई हाय. शिकवणार कोण म्हणून विचारलं, तर एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागले." ते नाव आम्ही तिथंच खोडलं.

उरली दोन. लातूरला उपयोजित गणित, नांदेडला संख्याशास्त्र. पोरीचं नाव दोन्ही याद्यांत लागलं. लातूर म्हणजे रोज जाऊन येऊन, रात्री पोरगी घरात. नांदेड म्हणजे हॉस्टेल. आमच्या ह्यांचं आणि माझं लातूर पक्कं होतं. भाग्यश्री एकदाच म्हणाली, "मम्मी, मला नांदेडला जायचंय," आणि मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मामा म्हणाला, "तपासल्याबिगर मी बोलणार न्हाई." आणि कागदांची पिशवी काखेत मारून नांदेडला गेला. म्हणे, कागद दिसल्याशिवाय कॉलेजात कुणी धड बोलत नाही! दुसऱ्या दिवशी बाराला लातुरात हजर होतो म्हणाला. लातूरची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत, नांदेडची त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, आणि कागदांचा संच एकच.

आम्ही तिघं लातूरच्या कॉलेजात वाट बघत बसलो. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. मामाचा पत्ता नाही. फोन लावावा तर बंद. बॅटरी उतरते म्हणून तो फक्त स्वतःला बोलायचं असेल तेव्हाच फोन चालू करतो. हे फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे, परत जायचे आणि परत यायचे. खिडकीतला क्लार्क दोनदा म्हणाला, "मॅडम, पाचला यादी बंद करणार. मागं पोरं थांबलेत." मी मामाला मनातल्या मनात घातल्या नाहीत अशा शिव्या राहिल्या नाहीत. पोरगी मात्र बाकावर बसून ओढणीचं टोक चावत होती, आणि मला तिचाही राग येत होता.

पावणेपाचला मामा आला. धुळीनं माखलेला, पिशवी छातीशी धरलेली.

"कुठं मेला होतास?" मी ओरडलेच.

"अहमदपूरला उतरलो माय. गाडीत दोन पोरी नांदेडच्या त्याच कॉलेजच्या निघाल्या, त्या तिथं उतरल्या. बोलणं अर्धं राहिलं होतं."

ह्यांनी कपाळावर हात मारला आणि पिशवीला हात घातला. मामा पिशवी सोडेना. "आधी ऐका. फाटकावरच्या पोरांना मी विचारलंच न्हाई. कँटीनच्या मागं बसणारी, वर्गाबाहेर काढलेली, एका विषयात अडकलेली, असली धरली. तीबी म्हणत्यात, मास्तर शिकवत्यात. पुढं कामं लागत्यात, बँकेत, सरकारात, औषधाच्या कंपनीत. माल चांगला हाय."

पाच मिनिटं उरली होती. क्लार्कनं तिसऱ्यांदा नाव पुकारलं. हे माझ्याकडं बघायला लागले, पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मला बँक नको होती की औषधाची कंपनी नको होती. मी मामाचा हात धरला आणि एकच विचारलं, "खरं सांग. पोरी रडतात का तिथं?"

मामानं टोपी काढून डोकं खाजवलं. "न्हाई."

मामा न्हाई म्हणाला म्हणजे न्हाई. डाळमिलीच्या मालकाला त्याच्याकडून एकदाही खोटं वदवून घेता आलं नव्हतं. मी क्लार्कला म्हटलं, "पुढचं नाव घ्या." भाग्यश्री येऊन मला बिलगली, आणि दुसऱ्या दिवशी तिघं जाऊन तिला नांदेडला सोडून आलो.

नागपंचमीला उदगीरला गेले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "मामा, पोरगी रोज फोनवर रडते. आणि परत ये म्हटलं, की उद्या प्रॅक्टिकल आहे म्हणून फोन ठेवते."

मामानं पुढ्यातल्या शेंगा सोलायला घेतल्या. मग म्हणाला, "रडणारच. पयल्या वर्षी समद्याच रडत्यात. त्या अहमदपूरच्या पोरींनी सांगितलं होतं. एक तर सांगतासांगताच रडाय लागली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू पाठवली असतीस का?"

त्यानं सोललेल्या शेंगांची वाटी माझ्याकडं सरकवली. वाटीत अर्धी टरफलंच होती. म्हातारा झालाय हो माझा मामा.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतो, आणि ठेवताना आवाज बारीक करून विचारतो, "पोरगी रडती का गं अजून?" मी डोळ्याला पदर लावते आणि म्हणते, "न्हाई."