शहाणा पेशंट

चाळिशी ओलांडलेल्या माझ्या काकांना घरात सगळे राजे म्हणायचे. अंगाने दांडगे, बुद्धीने पाच-सहा वर्षांचे. त्यांना सांभाळायची माझी आत्या, त्यांची थोरली बहीण. ती ब्लाउज शिवायची आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्यांना सरळ करायची.

दवाखान्याचं नाव काढलं की राजे पिसाळायचे. एकदा रक्त काढायला चौघांनी त्यांना गादीवर दाबून धरलं, तर त्यांनी नर्सच्या हाताचा कडकडून चावा घेतला. त्या दिवशी आत्याने पदर खोचला. उरलेल्या कापडाचा पांढरा कोट शिवला, राजेंना पलंगावर झोपवलं आणि घरातच दवाखाना मांडला. थंडगार चमचा छातीला लावायची, पोट दाबायची.

"राजे, दुखतं का?"

"नाही!"

"शहाणा ग माझा!" की दोघांच्या टाळ्या. चुकून कधी "आई गं" निघालं, की टाळ्या बंद.

वर्षानुवर्षं हा खेळ चालला. दवाखान्यातले लोकही भले निघाले. राजेंना मागच्या दाराने आत घेत, रांगेत ताटकळत ठेवत नसत, झगझगीत दिवे बंद करत. राजे ऐटीत सुई टोचून घेत. आपल्या मुलांना असं कसं शिकवायचं, हे विचारायला लोक आत्याकडे येत आणि आत्या फुशारून जाई. मला मात्र त्या टाळ्या खटकायच्या. पण आत्याशी वाद घालणार कोण? मला काय माझा जीव जड झाला होता?

एका सकाळी राजेंनी ताट सरकवलं. ताट चाटूनपुसून ठेवणारा हा माणूस! पाय पोटाशी घेऊन बसले होते. अंग तापलं होतं, ओठ पांढरे पडले होते. आणि हसत होते. ते हसू काही मला बरं दिसलं नाही.

दवाखान्यात नवीन डॉक्टर होता, बोलायला गोड. त्याने उजवीकडे खाली दाबलं. "दुखतंय?"

"नाही." राजेंनी आत्याकडे पाहिलं. कपाळावरून घाम ओघळत होता.

"पोट बिघडलंय फक्त. घरी नेऊन पातळ काहीतरी द्या."

आत्याचे हात सवयीने टाळीसाठी वर आले आणि तिथेच थांबले. तिचा चेहरा एकदम उतरला.

"डॉक्टर, याचं ऐकू नका," ती म्हणाली. "हे मी शिकवलंय त्याला."

मग तिने राजेंना गोंजारलं, समजावलं, शेवटी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली, "अरे, खरं सांग ना!" ती जितकी चिडे, तितके राजे घाबरून "नाही, नाही" म्हणत. हा माणूस आमच्यासमोर शहाणपणा करत मरणार, असं मला स्वच्छ दिसत होतं.

आत्या शेजारच्या कॉटवर आडवी झाली. राजेंचा हात ओढून तिने आपल्या पोटावर ठेवला. "आता तू डॉक्टर. दाब."

त्यांनी दाबलं. आत्या किंचाळली, "आई गं!" आणि आडव्यानेच टाळ्या वाजवू लागली. पुन्हा किंचाळली, पुन्हा टाळ्या. राजे गोंधळून बघत राहिले. मग तिने हळूच त्यांच्या पोटावर हात ठेवला.

राजेंची किंकाळी ऐकून बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. आणि आत्या रडत रडत टाळ्या वाजवत होती.

अपेंडिक्स फुटलं होतं. भराभर तपासण्या, फोटो, ऑपरेशन. राजे वाचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर छातीचा फोटो घेऊन आला आणि खिडकीच्या उजेडात धरून बोट दाखवू लागला. "या दोन बरगड्या मोडून आपोआप जुळल्यात. जुनं आहे. तेव्हा श्वास घेतानाही जीव जात असेल. कधी पडले होते हे?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं.