बोडिलच्या हातची न मिळालेली कॉफी

क्लिटहाउन बंदरात बोडिल क्रोग्सगोरबद्दल एक वावडी कित्येक वर्षं फिरत होती. बाई म्हणे इतकी चिक्कू, की मारेहाल्म कंपनीचं नशीब ठरायचं होतं त्याच दिवशी तिनं दारात आलेल्या पाहुण्यांना कॉफीचा घोटसुद्धा दिला नाही. पिंप मांडलं, कप मांडले, केक कापला आणि ऐन वेळी तोंडावर सांगितलं, "कॉफी मिळणार नाही."

आमच्या किनाऱ्यावर कुणी नवरा सोडला तर लोक पंधरवडाभर बोलतात. पाहुण्याला कॉफी दिली नाही, तर त्याची नातवंडं लग्नाला येईपर्यंत बोलतात. बेकरीवाली विबेके तर बन पिशवीत भरता भरता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची, "माझ्याकडून ताजे बन नेले गं, टोपलीभर! आणि ते त्या बिचाऱ्यांना कोरडे गिळायला लावले. हिचा नवरा उगाच नाही लवकर गेला."

नवरा न्यूमोनियानं गेला होता. पण विबेकेच्या दुकानात असल्या बारीकसारीक गोष्टींना जागा नसे.

बोडिल मुळात मासळीच्या लिलावातली. उमेदीची सगळी वर्षं तिनं लिलावाच्या हॉलमध्ये पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आणि खरेदीदारांच्या अंगावर खेकसत काढली. तिचा आवाज असा, की धुक्यात भोंगा बंद पडला तर बोडिलला धक्क्यावर उभी करा, असं कोळी म्हणत. मग हॉलमध्ये कॉम्प्युटरचे पडदे आणि बटणं आली आणि बोडिलचं काम गेलं. बंदर मंडळाचा अध्यक्ष आयनर हातात ट्यूलिपचा गुच्छ घेऊन आला आणि म्हणाला, "बोडिल, तुझी फार आठवण येईल." तिनं गुच्छ घेतला, आभार मानले आणि बाहेर पडताना माशांच्या आतड्यांच्या ड्रममध्ये टाकला. हा तोच आयनर, ज्याच्याबरोबर ती तरुणपणी बंदराच्या जत्रेत रात्रभर नाचली होती, असं म्हणतात. म्हणणारे तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते, पण म्हणतात.

त्याच सुमारास थोर्किल नावाच्या एका उत्साही माणसानं बंदरातला बंद पडलेला बर्फाचा कारखाना भाड्यानं घेतला आणि त्यात कॉम्प्युटरची कपाटं उभी केली. वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारं जे गवत आमच्याकडे उगवतं, त्याचं नाव कंपनीला दिलं. मारेहाल्म. लोकांची माहिती परमुलखातल्या अजस्र गोदामांत पाठवायची आणि ती परत येईपर्यंत ताटकळायचं, हे त्याला पटत नव्हतं. यंत्र कामाच्या शेजारीच हवं, असं त्याचं म्हणणं. हे तो इतक्या अवघड शब्दांत सांगायचा, की ऐकणारा मध्येच घड्याळ बघू लागे. बोडिल त्याच्याकडे नोकरीला लागली आणि कोळ्यांना एका वाक्यात सांगून मोकळी झाली: "मासा इथं उतरतो, मग त्याचं वजन करायला त्याला आयर्लंडला कशाला धाडता?"

तेव्हापासून कंपनीसाठी गिऱ्हाइकं शोधणं, फोन घेणं आणि केर काढणं ही तिन्ही खाती बोडिलकडे आली. उरलेलं सगळं थोर्किल आणि अस्गर हा अबोल इंजिनियर बघत. गिऱ्हाइकं म्हणाल तर एक डेअरी आणि एक डुकरांचा गोठा. एवढ्यावर यंत्रं तगणार नव्हती. हवा होता तो लिलाव.

आणि लिलावालाही कुणीतरी हवं होतंच. मागच्या वादळात बाहेरून येणारी केबल तुटली, लिलावाचे पडदे काळे पडले आणि बोटी भरभरून आलेली मासळी धक्क्यावर मऊ पडत गेली. आयनरला कोळ्यांनी ज्या शिव्या घातल्या त्या छापण्यासारख्या नाहीत. म्हणून त्यानं मारेहाल्मला बोलावलं आणि अट घातली.

"खरा लिलाव, खरी मासळी," आयनर म्हणाला. "मी बाहेरची केबल काढणार, कारखान्याची वीज तोडणार. शेवटची पेटी विकेपर्यंत तुमचं कपाट स्वतःच्या बॅटरीवर हॉल चालवतं की नाही, ते डोळ्यांनी बघणार."

"आणि मध्येच बंद पडलं तर?" थोर्किलनं विचारलं.

"तर बोडिलसाठी पुन्हा फुलं आणीन."

बंद पडलं तर काय होणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. मारेहाल्मला टाळं. अस्गर कोपनहेगनला, थोर्किल सासऱ्याच्या डुकरांकडे, आणि बोडिल ऑर्हूसला लेकीकडे. लेकीनं आईच्या खोलीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. फिका जांभळा. बोडिलला त्या जांभळ्या भिंती डोळे मिटले की दिसत.

चाचणीच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. चर्चच्या सभागृहातून तिनं कॉफीचं विजेचं पिंप मागून आणलं होतं, मयतीनंतर अख्ख्या गावाला पुरतं तेवढं. फळीच्या आडोशामागे ते लावलं, कप पुसले, बन मांडले. कपाट बंद पडेल की नाही हे तिच्या हातात नव्हतं. पण पाहुण्यांना थंड कॉफी मिळाली असं कुणी म्हणता कामा नये, एवढं तिनं ठरवलं होतं.

आयनर मंडळाच्या चार सभासदांना घेऊन आला. लाकडी चपला खडखडल्या, वारा दारातून आत शिरला. त्यानं स्वतःच्या हातानं केबल काढली. मग बोळातला मोठा स्विच खाली ओढला आणि त्याच्यावर आपली टोपी अडकवली. क्लिटहाउनमध्ये आयनरच्या टोपीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती टोपी म्हणजे लाखेचं सीलच.

काचेपलीकडे, कारखान्याला लागून असलेल्या हॉलमध्ये लिलाव सुरू झाला. पडद्यावर भाव वरून खाली उतरत होते, पटेल त्या भावाला खरेदीदार बटणं दाबत होते, पेट्या सरकत होत्या. कपाट नीट घुमत होतं. अस्गरच्या समोरच्या पडद्यावर बॅटरीची हिरवी पट्टी लांबलचक होती. थोर्किलनं बोडिलला डोळा मारला.

मग पट्टी घसरू लागली.

आधी अस्गरला वाटलं, आपल्याला भास होतोय. त्यानं चष्मा पुसला. पट्टी आणखी आखूड झाली. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. बोडिल त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय रे?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"खातंय. कुणीतरी वीज खातंय. कपाट एवढं खात नाही."

"बॅटऱ्या जुन्या आहेत का?"

"जुन्याच आहेत. पण कालपर्यंत बऱ्या होत्या."

"मग आज काय झालं?"

"मला माहीत असतं तर असा घामाघूम झालो असतो का, बाई?"

हॉलमध्ये जेमतेम फ्लाउंडर संपून कॉड सुरू झाला होता. सगळ्यात भारी मासळी अजून यायची होती. अस्गरनं एकेक यंत्र तपासलं. सगळी आपापल्या मापात खात होती. जे दिसत होतं त्यात चोर नव्हता, आणि पट्टी तर उतरतच होती. मंडळातला एक जण काचेपाशी उभा राहून म्हणाला, "छान चाललंय की." बोडिलनं मान डोलावली.

थोर्किल तिला कोपऱ्यात घेऊन गेला.

"ऐक. त्यांना कॉफी दे आता."

"आता? मध्येच?"

"आत्ताच. तू ट्रे घेऊन आलीस की सगळे टेबलाकडे वळतील. आयनरसुद्धा. तेवढ्यात मी बोळात जातो, टोपी उचलतो, स्विच वर, टोपी परत जागेवर. दिव्यांची बटणं बंदच आहेत, कुणाला कळायचं नाही."

"थोर्किल, अरे ती आयनरची टोपी आहे."

"आणि ही आपली कंपनी आहे! पट्टी बघ. कॉड संपायच्या आत आपण संपू. मग तुझी ऑर्हूसची खोली, माझी डुकरं. जा ना, बोडिल. नुसती कॉफी तर द्यायची आहे."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ट्रे उचलून आडोशामागे गेली. थोर्किल बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे, चेहरा लग्नातल्या फोटोसारखा. अस्गरनं डोळे मिटले. आयनरनं कॉफीच्या आशेनं मान वळवली.

मग बोडिल बाहेर आली. ट्रे रिकामा होता. चेहरा कागदासारखा पांढरा.

"कॉफी मिळणार नाही," ती म्हणाली. तिचा तो जुना लिलावातला आवाज. काचेपलीकडच्या दोन खरेदीदारांनीसुद्धा माना वळवल्या.

"काय मिळणार नाही?" आयनरनं विचारलं. त्याला आधी ऐकूच आलं नाही, आणि ऐकू आलं तेव्हा खरं वाटेना.

"कॉफी. बन घ्या. केक आहे. टेबलाकडे यायची गरज नाही, मी हातात आणून देते. तुम्ही लिलाव बघा."

पाच म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अशा वेळी काय बोलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकही जण टेबलाकडे वळला नाही. आयनर बोळाकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात खिशात, थेट टोपीकडे नजर. थोर्किल दोन पावलं गेला आणि चपलेचा पट्टा बांधायचं नाटक करून परत आला. त्या चपलेला पट्टा नव्हता.

"संपलो," तो अस्गरच्या कानात म्हणाला.

"गप्प बस," अस्गर म्हणाला. "थांबलीय."

पट्टी पुरती थांबली नव्हती, पण आता हळूहळू, ती जशी उतरायला हवी होती तशी उतरत होती. उरली होती नखाएवढी. कॉड गेला. हेक आला. भारी टर्बोटच्या पेट्या आल्या आणि एका खडूस खरेदीदारानं भाव खाली यायची वाट बघत बघत सगळ्यांचा जीव काढला. बोडिल काचेला नाक लावून पुटपुटत होती, "दाब ना रे, मेल्या, दाब!" त्यानं दाबलं. शेवटची पेटी सरकली. पट्टीचा हिरवा रंग लाल झाला होता, पण पट्टी होती.

आयनरनं बोळात जाऊन टोपी डोक्यावर घातली आणि स्विच वर केला. परत येताना तो आडोशामागे डोकावला, पिंपाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि एक कोरडा बन खात बाहेर आला. "करार उद्या," तो म्हणाला. मग बोडिलकडे बघून, "फुलं नाही आणत. ती कुठं जातात ते मला माहीत आहे."

क्लिटहाउनचा लिलाव मिळाला म्हणून पलीकडच्या बंदरांनी विचारणा केली. बंदरांमागून शीतगृहं आली, मग इस्पितळं, मग नॉर्वे, मग हॉलंड. आज मारेहाल्मची कपाटं युरोपभर कामाच्या शेजारी उभी आहेत आणि त्या प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी आहे: कॉफी बाहेर. आत भिंतीवरच्या लाल सॉकेटला पोलादी झाकण आहे आणि त्याला कुलूप. हा नियम बोडिलचा. लोक म्हणाले, बघा, चिक्कूपणा कसा देशोदेशी पोचवला!

थोर्किलनं मात्र हॅम्बुर्गला मोठ्या सभेत वेगळीच कथा सांगितली. डोळे पुसत म्हणाला, "मी टोपी उचलणार होतो. बोडिलनं कॉफी नाकारली आणि मला लबाडीपासून वाचवलं. आमची कंपनी त्या नकारावर उभी आहे." लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. तेव्हापासून तिला चिक्कू म्हणणारा एक पक्ष आणि संत म्हणणारा दुसरा. विबेके सोयीप्रमाणे दोन्हीकडे असे.

बोडिलनं निवृत्तीच्या दिवशी, हातात गरम कप धरून, काय झालं ते सांगितलं. ती कॉफी आणायलाच गेली होती. पिंप सकाळी तिनंच लाल सॉकेटला लावलं होतं. ते सॉकेट कपाटाच्या बॅटरीवर चालतं हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच लावलं होतं. वीज तोडल्यावर पाहुण्यांची कॉफी थंड होऊ नये म्हणून. बॅटरी ते पिंपच खात होतं. तिनं प्लग उपटला. एवढी वीज खाऊनही कॉफी अजून कोमटच होती.