तांबड्या समुद्राच्या अलीकडे

सिंदेवाहीच्या नूर मोहम्मद मनियारांचा मुलगा बशीर १९५४ साली अरबी शिकायला कैरोला निघाला, तेव्हा छोट्या लाईनीच्या स्टेशनावर त्याला पोचवायला मशिदीतल्या माणसांपेक्षा बाजारातल्या बायकाच जास्त आल्या होत्या. त्या हाजराबाईंच्या, म्हणजे बशीरच्या आईच्या ओळखीच्या. नवरा-बायको दोघं नवरगाव, मूल, नागभीड या गावांचे आठवडी बाजार करत. पेटी नूर मोहम्मद वाहत आणि बांगड्या हाजराबाई भरत. कोणाचा हात मऊ, कोणाची बोटं जाड, हे त्यांना तोंडपाठ होतं.

बशीरने नागपुरात अरबी घेऊन परीक्षा दिली, पहिला आला आणि शिष्यवृत्ती मिळाली. जाताना तो मोठ्या उमेदीत होता. सिंदेवाहीच्या त्या चांदा जिल्ह्यात मुसलमान मूठभर. फाळणीनंतर त्याचे दोन चुलते कराचीला निघून गेले होते, आणि मागे राहिलेल्यांनी आवाज खाली ठेवायचा असं घरात न सांगताच ठरलं होतं. तिकडे मुसलमानांचेच देश आहेत, तिथे परकं वाटणार नाही, अशी त्याची खात्री होती.

वसतिगृहात पहिलं वर्ष तसंच गेलं. जेवायला त्याच्या एका बाजूला बगदादचा नाझिम बसे, दुसऱ्या बाजूला मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्याच, टांट्याचा सफवत. सगळ्या मुस्लिम देशांचं एक राज्य झालं तर राजधानी कुठे असावी, यावर तिघं वाद घालत. मग इराकने इंग्रजांशी आणि तुर्कांशी बगदाद करार केला. मिसरच्या रेडिओवर इराकच्या राजाला शिव्या सुरू झाल्या. सफवतने नाझिमला ‘इंग्रजांचा नोकर’ म्हटलं. नाझिम ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला, आणि पुन्हा कधी त्या टेबलाशी आला नाही. दोघं एकाच मशिदीत, एकाच रांगेत नमाज पढत आणि बाहेर पडताना वेगवेगळ्या दारांनी जात. बशीर मधे पडायला गेला तेव्हा दोघांनीही त्याला एकच सांगितलं, की तुम्ही हिंदी लोक गायी पूजणाऱ्यांच्या राज्यात राहता, तुम्हाला यातलं काय कळणार. त्याच गायी पूजणाऱ्या बायकांना बांगड्या भरून आपलं घर चालतं, हे इथे कोणाला आणि कशासाठी सांगायचं?

१९५६ च्या उन्हाळ्यात घरून कळलं की अब्बा आणि अम्मी हजला निघाले आहेत. जहाज मुंबईहून जिद्द्याला लागणार होतं. बशीरने नकाशा काढला. सुएझपासून जिद्दा म्हणजे तांबडा समुद्र उतरला की झालं. दोन वर्षांनी आई भेटणार होती, तीही मक्केत. सफवतने त्याला मिठी मारली, नाझिमनेही लांबून हात उंचावला.

पण बशीरचा पासपोर्ट फक्त मिसरपुरता होता. अरबस्तानचं नाव त्यावर घालायला दिल्लीची परवानगी हवी होती, आणि हिंदुस्थानी माणसाने हजला जायचं तर यात्रेकरूचा पास मुंबईतच काढावा लागे. कैरोतल्या हिंदुस्थानच्या वकिलातीतला कारकून भला माणूस होता. त्याने तार केली, खुर्ची दिली, चहा पाजला.

“दिल्लीहून आलं की लगेच कळवतो,” तो म्हणाला. “तोवर मी काय करू शकतो, तुम्हीच सांगा.”

उत्तर येईना, तेव्हा बशीर तसाच सुएझला गेला. बंदरावर यात्रेकरूंचं जहाज लागलेलं होतं. सुदानी, मिसरी, सिरियन म्हातारे अंगावर पांढरी वस्त्रं घेऊन चढत होते. शिपायाने पासपोर्ट उघडून पाहिला आणि अरबीत हळूच म्हणाला, “बेटा, तू मुसलमान आहेस हे मला दिसतंय. पण यात तसं लिहिलेलं नाही.” जहाज सुटेपर्यंत बशीर तिथेच उभा राहिला. मग आगगाडीने कैरोला परतला.

दिल्लीचं उत्तर आलं तोवर हज होऊन गेली होती. त्याच्या पाठोपाठ जिद्द्याहून तार आली. अरफातच्या मैदानात हाजराबाईंना ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी मक्केत त्या वारल्या, आणि तिथेच त्यांना मूठमाती दिली.

त्याच आठवड्यात मिसरने सुएझ कालवा आपल्या ताब्यात घेतला. बशीर तार खिशात घेऊन बाहेर पडला तो सरळ गर्दीत सापडला. सगळं शहर रस्त्यावर आलं होतं. कोणीतरी, दोस्त देशाचा म्हणून, “हिंदी! हिंदी!” करत त्याचं कपाळ चुंबलं. तो रडत होता, आणि लोकांना वाटलं, आनंदाने रडतोय. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

वसतिगृहात नाझिम आला, सफवतही आला. दोघांनी मुबारकबाद दिली. मक्केची माती मिळणं म्हणजे केवढं नशीब! त्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. बशीरला जोराने ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडायचं ते कळेना.

पुढे त्या कालव्यावरून लढाई झाली, कालवा बंद पडला. तो खुला झाल्यावर, सत्तावनच्या पावसाळ्याआधी, बशीर घरी परतला. चांदा जिल्हा आता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. गावात सगळे नूर मोहम्मदांना हाजीसाहेब म्हणत, आणि बशीरलाही तेच ऐकवत, की तुझी अम्मी नशीबवान. कोणी डोळ्यांत पाणी आणलं नाही. आणणं बरं दिसलं नसतं.

नूर मोहम्मदांचं आयुष्य बाजारात गेलेलं, ते मुलाशीही बाजाराच्याच बोलीत बोलत. एका दुपारी बशीरने विचारलं, अम्मीची कबर कुठे आहे.

“निशाणी ठेवत नाईत तिथी,” ते म्हणाले. “मी दुसऱ्या दिवशी गेलो तं सगळी माती सारखीच. मले ओळखूच नाई आली.” मग म्हणाले, “जहाजात तुयी अम्मी रोज म्हणे, बशीर बंदरावर उभा असन. उतरल्यावर सगळ्या पोरांची तोंडं पाहत होती. मी म्हटलं, येईन तो उद्या.”

बशीरने पासपोर्टची, दिल्लीच्या परवानगीची गोष्ट सांगायला घेतली. वडिलांनी मान हलवली. त्यांना कळली की नाही, कोण जाणे. बशीरला स्वतःलाही ती सांगताना खोटी वाटू लागली होती.

नवरगावच्या बाजारात तो वडिलांबरोबर एकदा बसला. सुगंधाबाई नावाची एक म्हातारी आली आणि हात पुढे न करता तशीच टेकली. “तुयी माय गेली नं रे बाबू,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाजारातले लोक पाहत होते. नूर मोहम्मद पेटीतल्या बांगड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिले. बशीरला तिच्याबरोबर रडता आलं नाही. वर्षभर त्याने ते आवरून धरलं होतं, आता ते सुटेना.

पुढे तो चांद्याच्या शाळेत उर्दू शिकवू लागला. मुसलमान देशांवर बोला, म्हणून लोक बोलावत. तो जाई, नाईल नदीबद्दल आणि तिथल्या कापसाबद्दल सांगे, आणि खाली बसे. हजला जा, असं वडील मरेपर्यंत म्हणत राहिले. तो हो म्हणे. पण पास काढायला मुंबईला तो कधी गेला नाही.