गुलाबी पाणी पिवळं होताना

शेवटच्या महिन्यात गवंडीबाबांनी खाणंच सोडलं होतं. सून चमच्यानं दूध भरवायला बसली की ते ओठ घट्ट मिटत. "पुरे गं, उतरत नाही घशाखाली."

डोळे दान करायचं त्यांनीच ठरवलेलं. सून नेत्रपेढीतच कामाला. ते गेले, आणि त्यांची पारपटलं, म्हणजे डोळ्यांपुढच्या त्या दोन पारदर्शक काचा, तिच्याच टेबलावर आली.

"दुसऱ्या कुणाला सांगते," पेढीच्या मॅडम म्हणाल्या.

"नको, मीच करते."

साखर घातलेल्या गुलाबी द्रवाच्या दोन बाटल्यांत तिनं ती सोडली आणि अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवली. काही दिवसांनी उघडून पाहिलं, तर द्रव पिवळा झालेला. नितळ पिवळा. असं तिनं कितीदा तरी पाहिलं होतं, पण या वेळी हात मागे आला.

"नासलं का?" जेवताना नवऱ्यानं विचारलं.

"नाही रे, पेशी साखर खातात. साखरेचा कण आधी पेशीच्या रसातच फुटतो, त्याला हवा लागत नाही. मग ते तुकडे आत तंतुकणिकेत जातात. तिथल्या चक्रात त्यांच्यातला कार्बन वायू होऊन निघून जातो. शेवटी ऑक्सिजन उरलेला हायड्रोजन धरतो, त्याचं पाणी होतं. बरीचशी ताकद तिथेच मिळते. हवा कमी पडली, की पेशी पहिल्या पायरीवरच भागवतात. मग आम्ल साठतं, त्यानं द्रवातला गुलाबी रंग पिवळा होतो."

त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे बाबा श्वास घेतायत?"

"बाबा नाहीत. पेशी."

पण दुसऱ्या दिवसापासून तो दारातच विचारू लागला, "जेवले का?" आणि तीही "जेवले" म्हणू लागली. घरात तो पाय न वाजवता चालायचा, शेजारच्या खोलीत कुणी झोपल्यासारखा.

एकदा द्रव बदलताना ती बोलून गेली, "घ्या बाबा, अजून थोडं." प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कपाट घुमत होतं. आपण उत्तराची वाट बघत उभ्या आहोत, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

मग डाव्या डोळ्याची बाटली गुलाबीच राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मेलेल्या दिसल्या. उजवं पारपटल त्याच आठवड्यात कुणाला तरी बसवलं.

"एका डोळ्यानं खाणं सोडलं," तिनं घरी सांगितलं. "दुसरा गेला."

"कुणाकडे?"

"ते सांगत नाहीत."

आता बाजारात एखादा अनोळखी माणूस जरा जास्त वेळ बघत राहिला, की नवरा पिशवी खाली ठेवतो आणि ताठ उभा राहतो. ती त्याला घाई करत नाही.